विदर्भातल्या खेड्यातल्या पोरीची गोष्ट लिहायची आहे? इथून सुरुवात करा

खेड्यातले शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुली असे बरेच जण विचारतात: तेरा ते सतरा वयाच्या पोरींसाठी गोष्ट लिहायची आहे, घरचे आणि शाळेचे प्रश्न त्यात आणायचे आहेत, सुरुवात कुठून करू? विषय बहुतेकांचा ठरलेला असतो. बालविवाह, बापाची दारू, शाळा सुटणं, कर्जबाजारीपणा. विषय खरे आहेत, त्यावर लिहिलंच पाहिजे. पण नुसता विषय घेऊन बसलं की पहिल्या दोन पानांतच भाषण सुरू होतं आणि ज्या पोरीसाठी लिहायला घेतलं ती पुस्तक बाजूला ठेवते. भाषणं तिला घरात आणि परिपाठाला भरपूर मिळतात.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. घरची अडचण आणि शाळेची अडचण जिथं एकमेकींत अडकतात, ती गाठ शोधा. बाकीच्या पायऱ्या त्या गाठीपर्यंत पोचायच्या, नाहीतर तिथून पुढं जायच्या.

१. गाव आणि साल पक्कं करा

"विदर्भातलं एक खेडं" एवढं लिहून पुढं सरकू नका. अकरा जिल्हे आहेत आणि पोरीचं आयुष्य जिल्ह्यागणिक बदलतं. यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम, बुलडाणा, वर्धा या पट्ट्यात कापूस, सोयाबीन, तूर. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मोठ्या भागात धान. वरूड, मोर्शी, काटोलकडं संत्र्याच्या बागा. कापसाच्या गावातल्या पोरीची शाळा दसरा-दिवाळीनंतर बुडते. धानाच्या गावात ती रोवणीला, भर पावसाळ्यात बुडते. जंगलालगतच्या गावात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे निघावं लागतं, म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत, आणि मे महिन्यात तेंदूपानं असतात.

बापाची दारू घ्या. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ साली लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. वर्ध्याच्या गोष्टीतला बाप चौकातल्या परवान्याच्या दुकानातून झिंगत येऊ शकत नाही. त्याची दारू कुणाच्या तरी घरामागून येते, नाल्याच्या काठावरच्या भट्टीतून येते, नाहीतर जिल्ह्याची हद्द ओलांडून येते. भट्टी जिच्या घरी लागते ती मुलगी तुमच्या नायिकेच्या बाकावर बसत असेल तर? एका तपशिलातून अख्खं प्रकरण निघतं ते असं.

सालही ठरवा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले, आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं उभं पीक खाल्लं. त्या वर्षी नववीत असलेल्या पोरीच्या घरात संध्याकाळी काय बोललं जात असेल? तिचा बाप फवारणीला जात असेल तर पाठीवरचा पंप काढून तो घरी येईपर्यंत तिचं गणितात लक्ष लागेल का? २०२० ची गोष्ट असेल तर शाळा बंद, वर्ग मोबाइलवर आणि मोबाइल भावाच्या खिशात. साल ठरलं की अर्धी कामं आपोआप होतात.

२. तिचा दिवस आणि तिचं वर्ष लिहून काढा

गोष्ट नंतर. आधी एका कोऱ्या पानावर पोरीचा दिवस लिहा, वेळेसकट. किती वाजता उठते, पाणी कुठून आणते, भाकरी कोण थापतं, धाकट्याला कोण तयार करतं, बस किती वाजता येते, चुकली तर पुढची केव्हा. गावात मुक्कामी गाडी येते का हे जरूर विचारा. रात्री गावात थांबणारी आणि पहाटे निघणारी ती एस.टी. खेड्यातल्या कितीतरी मुलींच्या शिक्षणाचा आधार आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत मिळतो, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसही कितीतरी तालुक्यांत धावतात. पण पास खिशात असला तरी गाडी आली पाहिजे, आणि संध्याकाळची गाडी उशिरा आली की फाट्यावर उभ्या पोरीचं नाव घरापर्यंत तिच्याआधी पोचतं.

मग वर्ष लिहा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपताना किंवा जुलैच्या तोंडाशी उघडतात. पुढं निंदण, पोळा, मग भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. या दिवसांकडं नव्या लेखकांचं लक्ष फारसं जात नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. घरोघरी जाऊन गाणी म्हणणं, डबा हलवून खिरापत ओळखणं, हे महिनाभर चालतं. संध्याकाळी पोरीनं घराबाहेर राहावं आणि कुणी "कुठं गेलती?" विचारू नये, असे दिवस वर्षात हेच. दोन मैत्रिणींनी आपसात काही ठरवायचं असेल, कुणाला चिठ्ठी द्यायची असेल, गावातल्या एखाद्या घरात आत डोकावायचं असेल, तर भुलाबाईच्या संध्याकाळी ते खरं वाटतं. भुलाबाईच्या गाण्यांत सासर-माहेर भरून आहे. चौदा वर्षांची पोरगी ते गाणं हसत हसत म्हणते आणि घरी तिच्याच स्थळाची गोष्ट चाललेली असते. आणखी काही रचावं लागत नाही.

त्यानंतर सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा), वेचणी, तुरीची सोंगणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा, सकाळची शाळा, लग्नसराई, उलंगवाडी म्हणजे कापसाचा हंगाम संपणं. हे वर्ष भिंतीवर चिकटवा. लिहिताना त्याच्याकडं वारंवार पाहावं लागेल.

३. गाठ शोधा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. नव्या लेखकाच्या वहीत घरचा त्रास एका रकान्यात असतो, शाळेचा दुसऱ्या. एका प्रकरणात बाप ओरडतो, पुढच्या प्रकरणात सर ओरडतात, आणि मुलगी मध्ये रडते. वाचणाऱ्याला वाईट वाटतं, पण पुढं काय होईल याची ओढ लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलीचं नाव आचल. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घरची दोन एकर कोरडवाहू. ती दहावीत आहे, हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावात. दहावीचे बोर्डाचे फॉर्म दिवाळीच्या आगेमागे भरले जातात, आणि वेचणीही तेव्हाच जोरावर येते. घरात रोख पैसा नाही. फीचे पैसे उभे करायचे तर आचलला मायसोबत दुसऱ्याच्या वावरात वेचायला जावं लागतं. पण बोर्डाचा नियम पंच्याहत्तर टक्के हजेरीचा. म्हणजे परीक्षेला बसायला पैसे हवेत, पैशासाठी शाळा बुडवायची, आणि शाळा बुडली तर परीक्षेलाच बसू देणार नाहीत. यात कुणी दुष्ट नाही. माय बरोबर आहे, सर बरोबर आहेत, आणि पोरगी अडकली आहे. गाठ म्हणतो ती ही.

(दुष्काळ जाहीर झालेल्या भागात परीक्षेची फी माफ होते. साल पक्कं करा असं वर म्हटलं ते यासाठीही.)

आता गाठ एका प्रसंगात उतरवा. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वजनकाटा लागतो. दिवसभर ओटीत वेचलेला कापूस गाठोड्यात बांधून बाया रांगेत उभ्या असतात. मजुरी किलोवर. आचलचं गाठोडं हुकाला लागतं, काटा हलतो, थांबतो. वजन वहीत लिहितो मालकाचा पोरगा, आणि तो आचलच्याच वर्गात आहे. वर्गात गणिताच्या तासाला फळ्यापुढं गेलं की आचलचे हात थरथरतात. इथं मात्र आठवड्याचा हिशेब तिला तोंडपाठ आहे, आणि वहीतला आकडा अर्ध्या किलोनं कमी आहे हे तिला उलट्या बाजूनं वाचूनही कळतं. माय मागं उभी आहे. बोललं तर उद्यापासून दोघींना काम मिळेल का? नाही बोललं तर सोमवारी वर्गात त्याच्याकडं कसं पाहायचं? बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा फाटल्यात, आणि त्याच बोटांनी रात्री पेन धरायचा आहे.

या प्रसंगात शाळा आहे, घर आहे, पैसा आहे, जात-जमिनीचा दाब आहे, आणि एका मुलीचा निर्णय आहे. अन्यायावर एक वाक्यही लिहावं लागलं नाही.

तुमची गाठ वेगळी असेल. ती शोधायला तीन प्रश्न मी नेहमी सांगते. कोणत्या वेळी तिला दोन ठिकाणी असणं भाग आहे? कोणती वस्तू दोघांना एकाच वेळी लागते, म्हणजे मोबाइल, सायकल, खोली, दिवा? कोणतं गुपित घरी सांगितलं तर शाळा सुटते आणि शाळेत सांगितलं तर घर उघडं पडतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं तर त्यात कादंबरीपुरता ऐवज असतो, पहिल्या दोनांत बहुधा कथेपुरता.

४. घरची माणसं

बाप खलनायक करू नका. तो दारू पीत असेल, मारतही असेल, ते लपवायचं नाही. पण ज्या मुलीला बापाची भीती वाटते तीच त्याला रात्री जेवायला वाढते, आणि आजारी पडला तर तीच पाणी देते. हे दोन्ही पानावर आलं पाहिजे. वाचणाऱ्या पोरीचाही असाच बाप असू शकतो. तो नुसता राक्षस आहे असं पुस्तकानं सांगितलं तर ती पुस्तकावर विश्वास ठेवणार नाही.

ज्या घरात शेतकरी आत्महत्या झाली आहे त्या घरातल्या मुलीवर लिहीत असाल तर घटनेपेक्षा नंतरचे महिने पाहा. सरकारी मदत १ लाख रुपयांची, पण प्रकरण समितीपुढं जातं आणि "पात्र" किंवा "अपात्र" ठरतं. कागद गोळा करत माय तहसीलच्या चकरा मारते, धाकटं भावंड पोरीच्या गळ्यात पडतं, शाळा बुडते. वर्गात कुणीतरी सहज विचारतं, "तुमचं पात्र झालं काय वं?" त्या एका प्रश्नापुढं वर्णनाची चार पानं फिकी पडतात.

मायकडंही नीट पाहा. गोष्टींत ती फक्त सोसते आणि डोळे पुसते. खऱ्या घरात पोरीला सगळ्यात जास्त वेळा "नाही" म्हणणारी तीच असते, आणि ते भीतीपोटी असतं. फाट्यावरून पोरगी उशिरा आली तर लोकांना उत्तर तिला द्यावं लागतं. ती पोरीच्या विरुद्ध दिसते तेव्हा नेमकी कशाला भीत आहे, हे लेखकाला माहीत असलं पाहिजे. गोष्टीत ते सांगितलं नाही तरी चालेल.

भाऊ असेल तर मोबाइल कोणाकडं राहतो ते ठरवा. आजी असेल तर तिला नुसती जुन्या विचारांची करू नका. स्वतःचं लग्न कोणत्या वयात झालं ते तिला आठवतं, आणि नातीच्या बाजूनं ती कधी अनपेक्षितपणे बोलू शकते.

५. शाळा

शाळा म्हणजे फळा, घंटा आणि कडक सर, एवढ्यावर भागत नाही. कोणत्या इयत्तेत पोरीला ठेवायचं हा मोठा निर्णय आहे. माझं मत स्पष्ट आहे: नववी किंवा दहावी.

कारण आठवीला एक टप्पा संपतो. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. फुकटची पुस्तकं आठवीपर्यंत. जिल्हा परिषदेची गावातली शाळा बऱ्याच ठिकाणी त्याआधीच, चौथीला नाहीतर सातवीला संपते. म्हणजे नववीत जाणाऱ्या पोरीला एकाच जूनमध्ये दुसऱ्या गावी जावं लागतं, डबा घरून न्यावा लागतो, पुस्तकं विकत घ्यावी लागतात, आणि कायद्याचा आधारही सुटतो. घरचे बसून हिशेब करतात तो याच वेळी. मुलाच्या बाबतीतही खर्च तोच, पण हिशेब मांडला जातो मुलीचा.

आठवीत एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पास झालेल्या आणि निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या घरात रोख पैसा दिसत नाही तिथं ही रक्कम पोरीची बाजू घरात कशी बदलते, तो पैसा कोण काढतं, कशावर खर्च होतो, हे फार चांगलं कथानक आहे. अजून कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.

पाळी. हे टाळूनही चालणार नाही आणि यावर आरोग्यखात्याचं पत्रक लिहूनही चालणार नाही. शाळेच्या संडासाला कडी आहे का, पाणी आहे का, कपडा किंवा पॅड टाकायचं कुठं, घरी बाहेर बसवतात का, त्या दिवसांत वेचायला मात्र चालतं का, एवढंच नेमकं लिहा. गडचिरोलीत माडिया आदिवासी गावांतल्या कुर्माघराबद्दल, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायांना राहावं लागतं त्या झोपडीबद्दल लिहायचं असेल तर तिथल्या मुलीशी आणि बायांशी बोलल्याशिवाय लिहू नका. पाहुण्यासारखं डोकावून लिहिलेलं त्यांना लगेच कळतं.

शिक्षक चांगला असू द्या, पण त्याच्या हातून सगळं सोडवून घेऊ नका. शहरातून बदलून आलेले तरुण सर गावाला शिकवतात आणि पोरगी वाचते, ही गोष्ट खूपदा सांगून झाली. खऱ्या गावात मदत तुकड्या-तुकड्यांनी येते. आशाताई एक गोष्ट सांगते, एस.टी.चा वाहक दोन मिनिटं गाडी थांबवतो, मैत्रीण वही देते, बचतगटातली एखादी बाई मायला बाजूला घेऊन बोलते. यातली कुणीच पूर्ण मदत करू शकत नाही. पोरीला तुकडे स्वतःच जोडावे लागतात, आणि म्हणून गोष्ट तिची राहते.

६. कायदा आणि कागद तपासून घ्या

वाचणारी मुलगी तुमच्या गोष्टीतली माहिती खरी मानून चालेल. म्हणून चुकीला जागा ठेवू नका. लग्नाचं वय मुलीला अठरा, मुलाला एकवीस. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. महाराष्ट्रात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. आता विचार करा, ज्या ग्रामसेवकानं लग्न थांबवायचं, त्यालाच पत्रिका आलेली असते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, कुठल्याही फोनवरून लागते. वय शाळेच्या दाखल्यावरून पाहिलं जातं, म्हणजे दाखला कुणाच्या हातात आहे यावरच एखादी गोष्ट उभी राहू शकते.

शाळा सुटलेली मुलगी दाखवत असाल तर १७ नंबरचा फॉर्म लक्षात ठेवा. हा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येतं. गावात कितीजणींना हे माहीतच नसतं. गोष्टीत कुणाच्या तरी तोंडून ते सहज आलं तर वाचणाऱ्या एखादीच्या कामी येईल.

७. बोली

निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं बोलीत, ही सुरुवातीला सोयीची वाट. आचल स्वतःच गोष्ट सांगत असेल तर सगळंच बोलीत लिहा, पण मग शेवटपर्यंत निभवा. वऱ्हाडी आणि झाडीबोली एकत्र करू नका. यवतमाळची पोरगी भंडाऱ्यासारखी बोलू लागली की तिकडचे वाचक पहिल्याच पानावर हसतात.

नव्या लेखकाच्या वहीत असं सापडतं: "आई, मला शिकायचे आहे. मला माझ्या पायावर उभे राहायचे आहे." कुठल्याही घरात, चुलीपुढं बसून, कुणीही असं बोलत नाही. हेच असं करून पाहा:

"माय, उद्या मी शाळेत जातो."
"वेचाले कोन येईन मंग?"
"संध्याकायी येतो ना. बसमधून उतरली का सीदी वावरात."
"अंधारात कापूस दिसते का तुले?"
आचल काही बोलली नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.
माय परातीत पीठ घेत म्हणाली, "वावरासाठी भाकरी कितीजनीच्या बांधू? दोघीच्या, का एकटीची?"

शिकायचं आहे हे कुणी म्हटलं नाही, परवानगी कुणी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही. तरी तिन्ही गोष्टी घडल्या. आपल्याकडच्या घरांत परवानगी बहुतेक वेळा अशीच मिळते, दुसऱ्याच कुठल्या तरी कामाच्या वाक्यातून. ती वाक्यं ऐकत चला, वहीत टिपत चला.

पोरगी "मी जातो" म्हणते, "मी जाते" नाही. मुद्रितशोधक ते दुरुस्त करायला जाईल. त्याला आधीच कळवून ठेवा. नात्यांची हाकही तशीच जपा: माय, बाबा, आबाजी, मोठी माय, काकाजी, मामाजी. यवतमाळच्या घरात "आजोबा" आणि "काकू" आले की घर परकं वाटतं. मोबाइलवर बोलून टाइप करत असाल तर "मले"चं "मला" होतं, म्हणून बोलीतले संवाद हातानंच टाइप करा.

८. जड प्रसंग

मारहाण, छेडछाड, घरातल्याच कुणी केलेला अत्याचार, स्वतःला संपवायचा विचार. हे मुलींच्या आयुष्यात आहे, म्हणून गोष्टीतही येईल. तिथं हात सांभाळून चालवा. आत्महत्येची पद्धत कधीच लिहायची नाही. तो विचार मनात आलेली मुलगी दाखवली तर तिच्याजवळ बसणारं एक माणूस गोष्टीत असू द्या, भले ते बरोबर काही बोलत नसेल. अत्याचाराच्या प्रसंगात कॅमेरा बाहेर ठेवा. आधीचं आणि नंतरचं लिहा: तिनं कोणती वाट सोडली, कुणाच्या घरी जाणं बंद केलं, कोणता तास बुडवू लागली.

आणि एक गोष्ट फार निक्षून सांगते. गावातल्या खऱ्या मुलीची हकीकत नाव बदलून लिहू नका. नाव बदलून गाव ओळखायचं थांबत नाही. तिचं घर, इयत्ता, बापाचा धंदा, भावंडं, सगळं बदला, दोन-तीन जणींच्या गोष्टी एकत्र करा, आणि तरी कुणी ओळखेल असं वाटलं तर सोडून द्या. पॉक्सो कायदा २०१२ आणि बाल न्याय कायदा २०१५ यांनी अशा मुलांची ओळख उघड करायला बंदीच घातली आहे. कायदा नसता तरीही हे करू नये. तिला त्याच गावात राहायचं आहे, त्याच फाट्यावर बसची वाट पाहायची आहे.

९. शेवट

शेवटी जिल्हाधिकारी येऊ नयेत. पोरगी बोर्डात पहिली येऊ नये. आणि ती हरून विहिरीकडं जाऊ नये. हे तिन्ही शेवट नव्या लेखकांना सोपे वाटतात, आणि तिन्हींत मुलीला स्वतः काही करावं लागत नाही.

भिंतीवरचं वर्ष पाहा. दहावीचा पेपर मार्चमध्ये संपतो. निकाल लागायला वेळ असतो. मधले आठवडे म्हणजे एप्रिल-मे, भर लग्नसराई. पोरगी घरी बसलेली असते, पास की नापास कुणाला ठाऊक नसतं, आणि "पाहून तर जाऊ द्या" म्हणत पाहुणे येतात. मला विचाराल तर अशा कितीतरी गोष्टींचा खरा शेवट या आठवड्यांत आहे. आचल इथं काय करते? आजीला पुढं करते? बापाशी वावरात एकटी बोलते, घरात नाही? अकरावीच्या प्रवेशाची चौकशी करायला मैत्रिणीच्या सायकलवर तालुक्याला जाऊन येते आणि माहितीचा कागद चुलीशेजारच्या कोनाड्यात, मायच्या नजरेला पडेल असा ठेवते? तिच्या आवाक्यातलं एक पाऊल निवडा. लहान चालेल. पण ते तिनं ठरवलेलं असावं आणि त्याची किंमत तिला मोजावी लागावी.

लग्न टळलं की नाही हे उघडं सोडायला हरकत नाही. पण तिनं काय केलं ते उघडं सोडू नका.

१०. वाचून दाखवा, मग पाठवा

पहिला खर्डा झाला की तो मोठ्या माणसांना दाखवायच्या आधी तीन-चार मुलींना वाचून दाखवा. आठवी ते दहावीच्या. शाळेत वाचणार असाल तर मुख्याध्यापकांना विचारून, मीना-राजू मंचाच्या (शाळेतल्या मुला-मुलींच्या गटाच्या) तासाला वगैरे. मुलींना "आवडली का?" विचारू नका, त्या हो म्हणतील. वाचताना कुठं चुळबुळ झाली, कुठं दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, कुठं हसल्या ते समासात खुणा करून ठेवा. "हे असं नसते मॅडम" असं कुणी म्हटलं तर लिहिणं थांबवून तिचं ऐका.

कथा दीड-दोन हजार शब्दांत बसवा. कादंबरी पहिल्यांदाच लिहीत असाल तर वीस हजार शब्द पुरेत, प्रकरणं छोटी, एका बैठकीत एक वाचून होईल अशी. बसमधली पोरगी तेवढंच वाचू शकते.

पाठवायचं कुठं? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि खेड्यातल्या शाळांपर्यंत पोचतं, ते पहिलं. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे. त्याच्या जवळच्या शाखेत चौकशी करा, कार्यक्रमांना जा, तिथं लिहिणारी आणि वाचणारी माणसं भेटतात. दिवाळी अंकांसाठी मजकूर पावसाळ्यातच पाठवावा लागतो, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, सोबत चार ओळींत लिहा की गोष्ट कोणत्या वयाच्या वाचकांसाठी आहे आणि संवाद मुद्दाम बोलीत ठेवले आहेत. एकच गोष्ट एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर एक साधं पत्र टाकून विचारा, आणि नकार आला तर पुढच्या ठिकाणी पाठवा.